दुसरा आणि चौथा रविवार

माझी पत्नी समाजशास्त्राची प्राध्यापक आहे आणि संस्कृती, विविधता या विषयांवर गेली बावीस वर्षं व्याख्यानं देते आहे. त्यांतल्या बहुतेक व्याख्यानांना मी हजर होतो. हे मी प्रेमापोटी केलं असं ती लोकांना सांगते. खरं कारण असं की सुरुवातीला तिला स्कूटर येत नव्हती, आणि ती शिकली तोवर मला सवय लागली होती.

मी गोरव्यातल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर मापं घेतो. शेवटच्या रांगेत बसून नुसतं ऐकणं मला जमेना, म्हणून मी एक वही केली. तारीख, जागा, श्रोते, मिनिटं, प्रश्न असे पाच रकाने. पहिली नोंद मांडवीजवळच्या एका वाचनालयाची आहे. श्रोते नऊ. त्यांत एक मी, एक तिथला शिपाई, आणि दोघं पुढच्या भजनाच्या कार्यक्रमाला लवकर आलेले. घरी निघताना तिनं विचारलं, "बरे होते ना लोक?"

मी म्हणालो, "पाच होते."

तेव्हा आम्ही रावपुऱ्यात आईवडिलांजवळ राहत होतो. मांडवी ते रावपुरा ती मागच्या सीटवर माझ्यापासून वीतभर अंतर ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहा देताना म्हणाली, "अहो, वही बंद करू नका. दुसरं कोणी मला खरं सांगणार नाही."

तेव्हापासून वही चालू आहे. चाळीस मिनिटं झाली की मी रुमाल काढून चष्मा पुसायचा, ही आमची खूण. ती मराठी मंडळांत मराठीत बोलते, बाकी शहरात गुजरातीत, आणि दिल्लीहून पाहुणे आले की इंग्रजीत. गुजरातीत ती सगळ्यांत चांगली बोलते असं माझं मत आहे. मराठीत तिची वाक्यं लांबतात.

ती नुसती बोलत नाही, हे इथं सांगायला हवं. छोटा उदेपूरकडच्या मुलींच्या इथल्याच एका वसतिगृहात दिवाळीला तीन आठवडे सुट्टी आणि होळीला एक दिवस, असा नियम होता. त्या मुलींच्या गावांत वर्षाचा मोठा सण होळीचा. मेळे भरतात, बाहेर कामाला गेलेली माणसं परततात. मुली त्या दिवसांत वसतिगृहात बसून रडायच्या. पत्नी चार दिवस वसतिगृहाच्या कचेरीच्या पायरीवर बसली, हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन. मी दुपारी डबा पोचवायचो. तिसऱ्या दिवशी आतले साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "बेन, ऊन लागेल, आत बसा." ती म्हणाली, "आत बसले तर तुम्हाला दिसणार नाही." पाचव्या दिवशी सुट्टी एका दिवसाची सहा दिवसांची झाली. पुढच्या वर्षी होळीनंतर त्या मुली मोहाची सुकी फुलं घेऊन आमच्याकडे आल्या. पत्नीला मी इतकी खूश क्वचित पाहिली आहे.

तिचं सगळ्यांत गाजलेलं व्याख्यान अन्नावरचं. माणूस काय खातो यावरून त्याला जोखणं कसं सुरू होतं, एका गावात दोन पंगती कशा होतात, भाड्यानं घर मागायला आलेल्या माणसाला नाव विचारण्याआधी ताटात काय असतं ते कसं विचारलं जातं. हे व्याख्यान तिनं एकसष्ट वेळा दिलं. बारा वर्षांपूर्वी आणंदला मागून एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः काय खाता?"

पत्नी म्हणाली, "घरात शिजतं ते."

सभागृह हसलं. मी वहीत लिहिलं: प्रश्न सात, उत्तरं सहा.

कारण आमच्या घरात दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मासे शिजतात, आणि ही गोष्ट आम्ही एकोणीस वर्षं लपवून ठेवली होती.

रावपुऱ्यात लपवण्याचा प्रश्न नव्हता. आजूबाजूला आमच्यासारखीच घरं. पापलेट तळलं की शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, कुठून आणलंत. मग आम्ही विश्वामित्री नदीच्या पलीकडे अकोट्यात चोवीस घरांच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. ताबा घ्यायला गेलो तेव्हा त्या वेळचे चेअरमन, एक वयस्क गुजराती गृहस्थ, यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "तमे मराठी, एटले ब्राह्मण ज ने?" तुम्ही मराठी, म्हणजे ब्राह्मणच ना? आम्ही ब्राह्मण नाही. माझ्या तोंडात पाणी होतं. मी मान हलवली. ते म्हणाले, "बस, तो पछी वांधो नथी." म्हणजे मग काही हरकत नाही.

तोंडात पाणी होतं हे खरं आहे, पण ते गिळून बोलायला दोन सेकंद पुरले असते.

तेव्हापासून पद्धत ठरली. रविवारी सकाळी साडेसातला मी बाजारातून मासे आणायचे, साफ करून, स्टीलच्या डब्यात, वर कोथिंबिरीची जुडी. दुपारी सव्वा वाजता, जेव्हा सगळी सोसायटी जेवून आडवी होते, तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी लावायची, दाराखाली ओला टॉवेल सारायचा आणि कढई चढवायची. पाऊण तासानं वास घालवायला लोबान जाळायचा. काटे वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळून फ्रीजरमध्ये, आणि सोमवारी स्कूटरच्या डिकीतून गोरव्याला. तिथं कारखान्यामागे दोन मांजरं होती, पुढे पाच झाली.

याबद्दल आम्ही दोघं बोलत नव्हतो. ती व्याख्यानं देत होती, मी टॉवेल भिजवत होतो.

यंदा उन्हाळ्यात पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा झाला. मालक कॅनडात. त्यांनी भाडेकरू शोधला: ओडिशाचा एक तरुण इंजिनीअर, रिफायनरीत नुकताच बदलून आलेला, त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीचा शाळेतला प्रवेश आमच्याच भागात झाला होता. कंपनीच्या पाहुण्यांच्या खोलीत त्यांना महिनाअखेरपर्यंतच राहता येणार होतं. आत्ताच्या चेअरमननी त्याला फोनवर विचारलं, "नॉनव्हेज तो नहीं ना?"

तो म्हणाला, "जी, मछली खाते हैं. हफ्ते में दो बार."

चेअरमन आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. त्यांनी हे मला जिन्यात सांगितलं, कारण मी सोसायटीचा मानद सेक्रेटरी आहे. "सांगा, भाई, असं तोंडावर सांगतो! आता मीटिंग बोलवावी लागेल. तुम्ही नोटीस काढा."

मी नोटीस टाइप केली. विषय क्रमांक एक: पहिल्या मजल्यावरील सदनिका भाड्याने देण्याबाबत. सोसायटीचे नियम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचले. जेवणाबद्दल त्यांत एक शब्द नव्हता. पाळीव प्राण्यांबद्दल होता, गच्चीवर पतंग उडवण्याबद्दल दीड पान होतं.

त्या माणसाला दोन सेकंदसुद्धा लागले नव्हते, हे माझ्या डोक्यातून जाईना.

घरी मी पत्नीला सांगितलं. ती म्हणाली, "मी बोलते मीटिंगमध्ये. इतकी वर्षं परक्यांपुढे बोलते, आता घरच्यांपुढे. अन्नावरचं व्याख्यान आहेच, पंधरा मिनिटांत बसवते."

"बोलू नकोस," मी म्हणालो. "किंवा बोलणार असशील तर आधी आपलं सांग."

"आपलं काय?"

"अगं, डिकीतलं."

ती हातातलं पुस्तक मिटून बसली. "मान तुम्ही हलवलीत, मी नाही."

"आणि मासे कोण तळतं?"

"तळते मी. पण विचारलं तुम्हाला होतं."

"तुलाही विचारलं होतं. आणंदला."

हे मी बोलायला नको होतं, किंवा बारा वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "आपण सांगितलं तर काय होईल, मोजलंत का?"

मी मोजलं होतं. चोवीस घरं. त्यांतली दोन बंद, एक नेहमी गैरहजर. उरली एकवीस. आमचं एक धरून त्या कुटुंबाच्या बाजूनं मला चार मतं दिसत होती. आपण सांगितलं तर तीही राहतील की नाही सांगता येत नव्हतं. शिवाय समोरच्या दारात राहणारं जैन जोडपं. ते कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत. त्यांच्या किल्ल्या आमच्याकडे असतात आणि आमच्या त्यांच्याकडे.

"होईल काय," मी म्हणालो, "समोरचे किल्ली परत मागतील."



मीटिंग रविवारी संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये झाली. तो महिन्याचा पहिला रविवार होता. खुर्च्या तीस मांडल्या होत्या, माणसं छत्तीस आली, मुलं वेगळी. उभा पंखा एकच, तो चेअरमनकडे तोंड करून. बोलणं सगळं गुजरातीत झालं. मी ते इथं मराठीत देतो आहे.

पत्नी अकरा मिनिटं बोलली. बावीस वर्षांतलं तिचं सर्वांत चांगलं व्याख्यान ते, असं मी वहीत लिहिलं आहे आणि तिच्यावर उपकार म्हणून लिहिलेलं नाही. होळीच्या मुली त्यात होत्या, रेल्वेत आणि कारखान्यांत कामाला बाहेरून आलेली माणसं होती, आपल्याच सोसायटीत किती गावची लोणची आहेत ते होतं. लोक हसले, दोनदा टाळ्या पडल्या. तळमजल्यावरच्या मासी, म्हणजे सगळ्या सोसायटीच्या मावशी, वय ऐंशीच्या पुढे, डोळे पुसत होत्या.

"बहु सरस, बेन, बहु सरस," चेअरमन म्हणाले. "असं ऐकायला मिळत नाही. चला, आता मतं घेऊ. फ्लॅट द्यायला नको असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. मासींचाही झाला. डोळे पुसून झाल्यावर त्याच हातानं. मी मोजले: सतरा.

पत्नी बसत होती, ती तशीच अर्धी थांबली. बावीस वर्षं ती व्याख्यान संपल्यावर हार घेऊन निघून यायची. ऐकणारे पुढे काय करतात हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मी चष्मा पुसत होतो. खूण म्हणून नव्हे, घाम आला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल खिशात घातला.

ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. आम्हीपण मासे खातो. या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या महिन्यापासून."



मग मी उठलो. सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे माहिती मागितली जाईल असं मला वाटलं. "महिन्यातून दोनदा," मी म्हणालो, "दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी. श्रावण सोडून. चारशेच्या आसपास वेळा झालं असेल. मी येताना विचारलं गेलं तेव्हा मान हलवली होती, ती खोटी होती. तक्रार आजवर आलेली नाही."

"तक्रार कशाला येईल?" मासी म्हणाल्या. "खबर ज छे."

"काय माहीत आहे?" चेअरमननी विचारलं.

"अरे, मासे शिजतात ते. यांच्या लोबानावरून मी महिन्याचे रविवार मोजते. लोबान आला की समजायचं, दुसरा रविवार, माझ्या गोळ्या मागवायच्या."

मागच्या खुर्च्यांतून कोणी तरी फिसकन हसलं. चौथ्या मजल्यावरच्या बेन म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुम्हाला आवडत नसेल आम्ही विचारलेलं. म्हणून विचारलं नाही."

"मला तर वाटायचं हे किती धार्मिक लोक!" चेअरमन म्हणाले. ते खरोखर दुखावले होते. "मी तर या भाईंना लोबान कुठला वापरता म्हणून विचारलं होतं! तोच घरी आणला!" त्यांना सायनसचा जुना त्रास आहे, दोन पदार्थांचे वास वेगळे कळत नाहीत. ते बायकोकडे वळले. "तुला माहीत होतं?"

त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "वरच राहतो आपण. मला नाक आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सेक्रेटरी कुठून आणला असता दुसरा? फुकट नोटिसा कोण टाइप करतं?"

सगळे हसले, मीही हसलो. पण समोरच्या दारातले जैन गृहस्थ हसत नव्हते. ते उभे राहिले. फार हळू बोलणारे आहेत, लोकांनी मुलांना गप्प केलं.

"आम्हालाही माहीत आहे," ते म्हणाले. "त्या दुपारी आम्ही आमची खिडकी लावतो आणि मागच्या खोलीत बसतो. बेन, तुम्ही इतकं छान बोललात. पण आमच्याबद्दल त्यात काही नव्हतं. आम्हाला त्याचा त्रास होतो. तुमचा राग नाही, पण त्रास होतो. हेही कुठे तरी बोललं पाहिजे ना?"

पत्नीला कोणत्याही सभागृहात कोणी इतका अवघड प्रश्न विचारलेला नाही. तिनं यावेळी उत्तर टाळलं नाही. म्हणाली, "हो. नव्हतं. मला सुचलंच नाही. तुम्ही एकोणीस वर्षं खिडकी लावत होता आणि आम्हीही लावत होतो. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारा मग आता," ते म्हणाले आणि खाली बसले.

मग खरी मीटिंग सुरू झाली. ती एक तास दहा मिनिटं चालली आणि तीत संस्कृती हा शब्द एकदाही आला नाही. स्वयंपाकघराचा धूर जिन्याकडे न सोडता मागच्या बाजूला सोडायचा, त्यासाठी पाइप किती लांब लागेल (मी टेप आणून मोजलं, सव्वाचार मीटर). कचरा सामायिक डब्यात टाकायचा नाही, बंद पिशवीत थेट गाडीवर द्यायचा. पर्युषणात आणि महावीर जयंतीला काही शिजवायचं नाही. हे शेवटचं पत्नीनं आपणहून सुचवलं, आणि जैन काकी पहिल्यांदाच बोलल्या: "पर्युषणाचे आठ दिवस. तारखा मी लिहून देईन, दरवर्षी बदलतात." ओडिशाच्या त्या तरुणाला फोन लावून स्पीकरवर अटी ऐकवल्या. तो म्हणाला, "जी, सब मंजूर है. बेटी तो वैसे भी सिर्फ आलू खाती है."

दुसऱ्यांदा मतं घेतली. घरटी एक, एकूण एकवीस. फ्लॅट द्यावा: तेरा. देऊ नये: आठ. आठांमध्ये जैन जोडप्याचं मत होतं. मासींचं तेरांत गेलं. चेअरमननी कोणाकडेही न पाहता तेरांत हात वर केला आणि बायकोला म्हणाले, "घरी बोलू."

वर येताना जिन्यात समोरचे काका आमच्या बरोबरच होते.  दारापाशी आल्यावर ते खिशात चाचपू लागले.  मला वाटलं, आता आमची किल्ली काढून हातात देतील. त्यांनी चष्म्याचं घर काढलं, चष्मा घातला आणि पत्नीला म्हणाले, "मत मी विरुद्ध दिलं. ते तसंच राहील."

"राहू द्या," ती म्हणाली.

"पण उपाश्रयात आमच्या बायकांचं मंडळ आहे. महिन्यातून एकदा बाहेरचं कोणी बोलायला बोलावतात. तुम्ही याल?"

पत्नी एवढी गोंधळलेली मी पाहिली नव्हती. "कशावर बोलू?"

"तेच, आजचं. शेजारी राहण्यावर," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "माझा प्रश्न पहिला ठेवा. शेवटी ठेवलात तर लोक उठून जातात."

उपाश्रयातल्या, म्हणजे जैन साधू-साध्वी उतरतात तिथल्या, त्या व्याख्यानाची नोंद वहीत आहे. श्रोते बेचाळीस, सगळ्या स्त्रिया, शिवाय मागे आम्ही दोघं पुरुष. मिनिटं पंचवीस. प्रश्न अकरा, उत्तरं नऊ. दोन प्रश्नांना तिनं "मला माहीत नाही, तुम्ही सांगा" असं म्हटलं, आणि त्यांनी सांगितलं. ते उत्तरांत धरायचं की नाही हे मला ठरवता आलं नाही. काका शेजारी बसले होते. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "धरा, भाई. अकरा लिहा."

मी अकरा लिहिले.